उरलेल्यांतली मोठी

...नखाच्या टोकाएवढी निळी रेघ, पाठीवरच्या पराच्या अगदी शेवटाला. परवापर्यंत ती नव्हती. निदान परवा त्याला दिसली नव्हती, आणि कुंदनला दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच. कारण गेले चार-पाच महिने रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो या काचेसमोरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन बसत होता, आणि कामावर, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नळीतला रंग उजेडात धरून पाहावा तसा त्या बोटभर माशाच्या अंगावरचा रंग पाहत होता. मासा काही धड पाहू देत नव्हता. या कपारीतून आत, त्या कपारीतून बाहेर, प्रवाळाच्या मागून वळसा, पुन्हा आत... रेघ दिसली, गेली, पुन्हा दिसली. निळीच होती. म्हणजे आता मागे फिरणं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि हे आपण कुणाबद्दल म्हणालो ते काही क्षण त्याचं त्यालाच कळलं नाही.

समुद्र जळगावपासून एका रात्रीच्या गाडीवर. आणि इथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, भिंतीला लागून, चार फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी, दगड, प्रवाळ, वाळू. एप्रिलचा शेवटचा आठवडा. बाहेर चव्वेचाळीस आणि टाकीत सव्वीस. ते सव्वीस राखण्यासाठी पाणी थंड करणारं यंत्र खाली दिवसरात्र घुरघुरत होतं, वीज गेली तर म्हणून त्याच्या शेजारी इन्व्हर्टर, आणि एवढं करूनही दुपारी पारा चढायला लागला की वरची जाळी सरकवून पाण्यावर टेबलफॅनचा झोत सोडावा लागे. रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जायचं. मीठ मात्र उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून रोज तेवढंच गाळलेलं गोडं पाणी हळूहळू परत घालायचं. लग्न दोनदा ठरत आलं होतं आणि दोनदा त्यानेच काढता पाय घेतला होता. दुसऱ्या वेळेनंतर त्याने ही टाकी घेतली. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाकडे सांभाळायला काहीतरी असावं लागतं, असं तो हसत सांगे. पण ते खरं कारण नव्हतं. रावेरच्या घरात जे काही होतं ते सगळं थोरल्या भावाचं, भाऊंचं होतं, केळीच्या बागा, ट्रॅक्टर, माणसं, वडिलांचा, म्हणजे आबांचा, शब्ददेखील, आणि या टाकीत भाऊंचं काही नव्हतं, हे खरं कारण.

तीन आणले होते. मुंबईच्या दुकानदाराने थर्मोकोलच्या खोक्यात घालून रात्रीच्या बसने पाठवले. फेअरी रास, तो म्हणाला होता. रास ही समुद्रातल्या माशांची एक जात. अंगाने लहान, दिवसभर एका जागी न ठरणारी. एक नर आणि दोन माद्या. नर केशरी, डोक्यावर जांभळ्या रेघा, पराला निळी कड; माद्या दोन्ही साध्या, फिक्या लालसर, शेपटीच्या बुडाशी एकेक काळा ठिपका. नराने नुसते पर उभारले की माद्या बाजूला होत. भाऊ एकदाच ही टाकी पाहायला आले होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उभ्यानेच पाहत म्हणाले होते, "आमच्याकडं जमीन खारवली म्हून लोक डोक्याला हात लावू राह्यले, अन् तू इकत आणून मीठ टाकतो पाण्यात." मग अंगठीने काचेवर टकटक केलं होतं. माद्या दगडात पळाल्या. नर पुढे आला, अंग फुलवून, थेट अंगठीसमोर. भाऊ खूश झाले होते. "हा मालक दिसतो इथला," म्हणाले होते.

त्याच श्रावणात भाऊ गेले. प्रेमराज गिरधर, वय पंचेचाळीस. केळीचा ट्रक भरून झाला, ताडपत्रीची दोरी स्वतः ओढून पाहिली, आणि दोरी हातात असतानाच खाली बसले ते बसलेच.

नर मेला तो त्यानंतर, दिवाळी होऊन गेल्यावर. जाळी नीट बसली नव्हती. ही जात उडी मारते, हे दुकानदाराने तीनदा बजावलं होतं, आणि तरी जाळीचा एक कोपरा उघडा राहिला होता. टाकीमागे, भिंत आणि लाकडाच्या मधल्या फटीत तो सापडला, वाळल्या मिरचीसारखा. रंगाचा मागमूस नाही. कुंदनने त्याला कागदावर घेतला आणि खूप वेळ तो कागद कुठे ठेवावा हे त्याला सुचलं नव्हतं.

आणि मग हे सुरू झालं. पुस्तकात वाचलेलं होतं, त्यात नवल काही नव्हतं... नर गेला की उरलेल्या माद्यांतली मोठी हळूहळू नर होते. आधी वागणं बदलतं, रंग मागाहून येतो. पहिल्याच आठवड्यात ती मोठी अन्नावर आधी जायला लागली, धाकटीला कपारीतून हुसकायला लागली. मग ठिपका फिका पडला. मग डोक्यावर रेघा. आणि आज ही कड. कुणी करत नाही हे, आपसूक होतं. पण आपसूक म्हणजे काय? तिला हवं होतं म्हणून होतं, की जागा रिकामी पडली म्हणून होतं... तिला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?

फोन वाजला. सात वाजून पाच मिनिटं झाली होती, तेरसिंगच असणार.

"भाऊ," तेरसिंग म्हणाला, "खालच्या बागेत पानी सोडू का? पश्चिमेच्या बाजूचं हिरवं कापड फाटलं, गरम वारा आत घुसू राह्यला. घडं करपतील."

तेरसिंग सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. वीस वर्षं भाऊंच्या हाताखाली काढलेला माणूस. आधी तो याला कुंदनभाऊ म्हणायचा. होळीच्या सुमारास कधीतरी त्यातलं कुंदन गळून पडलं, नुसतं भाऊ उरलं, आणि ते नेमकं कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

कुंदन खाकरला. "विचारत काय बसतो, तेरसिंग? करून मोकळा हो, मग सांग."

"हां भाऊ," तेरसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

फोन ठेवल्यावर कुंदन स्टुलावर तसाच बसून राहिला. ते वाक्य त्याचं नव्हतं. करून मोकळा हो, मग सांग — हे भाऊंचं, शब्दाशब्दाने भाऊंचं, आधीचं खाकरणंसुद्धा. ते त्याने ठरवून उचललं नव्हतं, घशातून आपलं आपण वर आलं होतं. गेल्या काही महिन्यांत दर रविवारी तो रावेरला जात होता, आबांच्या आग्रहाने, असं तो कचेरीत सगळ्यांना सांगे — अडकलोय हो, काय करणार, घरात दुसरं कोणी नाही. पॅकिंगच्या शेडमध्ये भाऊंची खुर्ची होती. पहिल्या रविवारी तो उभाच राहिला होता. दुसऱ्या रविवारी कुणीतरी खुर्ची झटकून दिली. तिसऱ्या रविवारी तो येताना दिसल्यावर घड धुणारी माणसं क्षणभर थांबली, दोघे उठून उभे राहिले, आणि त्याच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सरळ वर गेलं... नाही, खोटं कशाला बोला, मला ते आवडलं. एकोणचाळीस वर्षं कुणी माझ्यासाठी उठलं नव्हतं. घरी येऊन मी आरशात पाहिलं होतं, मिशा थोड्या वाढवाव्या का म्हणून पाहिलं होतं.

आबांनी मुदत घातली होती. आखाजीच्या आत काय ते सांग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊंच्या नावाची पहिली घागर भरायची, घागरीवर सांजोऱ्या ठेवायच्या, आणि त्याच दिवशी पोरीबाळी माहेरी जातात. सारिकावहिनींचा भाऊ योगेंद्र साक्रीहून त्यांना न्यायला येणार होता. एकदा गेली तर ती परत येईल का, अशी धास्ती त्याच्या आईला, माईला. "घरातलं घरातच ऱ्हाईन," माई म्हणाली होती, वाल निवडता निवडता, त्याच्याकडे न बघता. "पोरीले काहून दुसऱ्याच्या दारात पाठवायचं? तुलेबी कोनी नाही, तिलेबी कोनी नाही." म्हणजे दिराने भावजयीशी लग्न लावायचं. गावात अशी दोन-तीन घरं होती, त्यांचं सुरळीत चाललं होतं, कुणी बोटही उचलत नव्हतं. कुंदन नाही म्हणाला नव्हता. हो म्हणाला नव्हता. दर वेळी तो म्हणे, बघू. आणि आज वहिनी जळगावला येणार होत्या, मुलीचे, पुनमचे, डोळे दाखवायला. तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं.

साडेअकराला त्या आल्या त्या डॉक्टरकडूनच. पुनमच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, बाहुल्या मोठ्या करायचं. दोन वाजता पुन्हा बोलावलं होतं. दहा वर्षांची ती पोर आईचं बोट धरून, डोळे मिटून, पायरी चाचपत वर आली. सारिकावहिनी दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "भाऊजी, जरा पाणी द्या हिला." त्यांच्या हातात डबा होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, झाकणातून वास येत होता. भावजय म्हणून त्यांना तो अहो-जाहो करी, वयाने त्या त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असूनही. या घरात त्या पूर्वी एकदाच आल्या होत्या, भाऊंबरोबर. तेव्हा त्या बसल्याच नव्हत्या, असं त्याला आत्ता आठवलं.

पुनम टाकीपाशी गेली आणि डोळे किलकिले करून काचेला नाक लावलं.

"काका, धूसर दिसतंय सगळं. या लालचं नाव काय?"

"रास."

"कोणती? माझी कन्या आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, गाल ताणल्यासारखे वाटले. "तसली नाही गं. माशाची जात आहे ती."

"मुलगा आहे का मुलगी?"

"मुलगी होती. आता मुलगा व्हायला लागलीय."

पुनमने डोळे मिटले आणि त्यावर विचार केला. "कोणी सांगितलं तिला?"

"कोणी नाही सांगत. मोठा नर होता, तो गेला. मग उरलेल्यांतली जी मोठी असते ती..."

"आणि ही बारकी?"

"ती राहते तशीच."

"तिला व्हायचं असलं तर?"

"मोठी आहे तोवर तिला होता येत नाही," कुंदन म्हणाला, आणि मान वळवली तर सारिकावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात पातेलं घेऊन. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या तशाच आत गेल्या.

पुनमला माशांना खायला घालायचं होतं. त्याने जाळी सरकवली, तिच्या चिमटीत दाणे दिले, तिने ते अंदाजाने सोडले. मोठी झेपावली. धाकटी दगडाच्या काठावर थांबून राहिली, तिच्या शेपटीचा काळा ठिपका तेवढा हलत होता. मग त्याने पुनमला खाटेवर झोपवलं, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, आणि आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा झालाय," तसा तो आत गेला.

चहा ओट्यावर होता. वहिनी खाली फरशीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पाय थोडे लांबवून. हे काहीतरी वेगळं होतं, पण काय ते त्याला लगेच उमगलं नाही.

"आबांनी तुम्हाला आखाजीच्या आत सांगायला सांगितलंय ना?"

"हो."

"काय सांगणार?"

कप गरम होता. त्याने तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"नऊ महिन्यांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. कुणी पावसाचा अंदाज सांगावा तसं. "ते राहू द्या. मी त्यासाठी नाही आले. तेरसिंगचा सकाळचा फोन आहे ना, तो उद्यापासून मला यायला हवा. तुम्ही त्याला सांगा. तुम्ही सांगितलं तरच तो ऐकेल."

"फोनचं काय एवढं... सकाळी दोन मिनिटं बोलतो तो."

"काय बोलतो?"

"पाणी सोडायचं का, कापड बांधायचं का. हेच."

"सकाळी सहाला मी बागेत असते, भाऊजी. रोज. पाणी सोडू का म्हणून तेरसिंग आधी मला विचारतो. मी सांगते. मग तो बांधावर जाऊन तुम्हाला फोन लावतो. तुम्ही म्हणता, करून मोकळा हो. मग तो पाणी सोडतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आज सकाळी कापड फाटलंय ते मीच त्याला दाखवलं."

कुंदनला कानामागे ऊन लागल्यासारखं झालं. सहा महिने... दर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी... आणि फोन ठेवल्यावर आपण इथून तिथलं काहीतरी चालवतो आहोत, हे समाधान घेऊन तो कचेरीत जायचा. तेरसिंगच्या आवाजातलं ते सुटल्यासारखं काहीतरी! त्याला निर्णय मिळाला म्हणून ते नव्हतंच, पुरुषाच्या तोंडून शिक्का मिळाला म्हणून होतं. आणि बोलायला हवं म्हणून तो बोलला, बोलता बोलताच नको वाटत असताना बोलला —

"पाण्याचं ठीक आहे, वहिनी. पण ट्रकवाले, व्यापारी, तिथं कशी माणसं येतात तुम्हाला माहीत आहे. बाईमाणसाने तिथं —"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "हे मी ऐकलंय आधी," त्या म्हणाल्या. "असंच. याच आवाजात."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फरशीवर काहीतरी पडलं. ओली चिंधी टाकावी तसा बारीक आवाज, आणि लगेच पुन्हा, आणि पुन्हा. कुंदनला तो आवाज कळला. त्याने तो कधी ऐकला नव्हता, तरी कळला. जाळी — मघाशी सरकवलेली जाळी तशीच राहिली होती. तो धावला, पण वहिनी दाराच्या जवळ होत्या, त्या आधी पोचल्या. धाकटी. खाटेपासून हातभर अंतरावर, कोरड्या फरशीवर, अंगाची कमान करून उडत होती, आणि टाकीत मोठी काचेशी उभी होती, सगळे पर फुलवून. वहिनी वाकल्या, हात पुढे केला.

"हात लावू नका."

तो ओरडला नव्हता. आवाज उंच नव्हताच. खालचा, जड, संपूर्ण खोलीभर एकसारखा पसरलेला. वहिनी अर्ध्यावर थांबल्या. मग त्या सरळ झाल्या, ताठ, आणि त्यांचा डावा हात खांद्यावरून पदर शोधत डोक्याकडे गेला.

खाटेवर पुनम उठून बसली. रुमाल मांडीवर पडला. डोळे मिटलेलेच, मान आवाजाच्या दिशेला.

"पप्पा?"

खाली यंत्र घुरघुरत होतं. फरशीवरचा मासा थांबला, मग एकदा हलला.

पदर डोक्यापर्यंत पोचला नाही. वहिनींनी हात खाली आणला, टाकीत बुडवून दोन्ही तळवे ओले केले, खाली बसल्या, आणि ओंजळीत ते एवढंसं लाल अंग उचलून पाण्यात नेलं. टाकलं नाही, पाण्याखाली हात उघडले. मासा वाळूवर आडवा राहिला. एक, दोन, तीन... कुंदन मोजत होता. मग मासा वळला आणि दगडाच्या एका फटीत असा गेला की जणू तिथे काही नव्हतंच. मोठीने फटीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"काका आहेत गं," वहिनी म्हणाल्या. "काकांचा आवाज होता तो."

"मला वाटलं..." पुनम म्हणाली. ती पुन्हा आडवी झाली, रुमाल स्वतःच डोळ्यांवर ठेवला, आणि थोड्या वेळाने रुमालाच्या खालून पाण्याची एक ओळ कानाकडे गेली. ते औषधाचं पाणी असेल. औषधाने पाणी येतं.

कुंदनने जाळी बसवली. चारही कोपरे दाबून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. वहिनी खारे हात पुसत नव्हत्या, तसेच समोर धरून बसल्या होत्या. पुनमला ऐकू जाऊ नये म्हणून त्या हळू बोलत होत्या.

"ते वाईट नव्हते, भाऊजी. कधी हात उगारला नाही माझ्यावर. घरात काही कमी पडू दिलं नाही. पण ते दारात खाकरले की मी उठायचे. ताटावरून, झोपेतून, पोरीला पाजताना सुद्धा. पंधरा वर्षं. कोणी सांगितलं नव्हतं उठ म्हणून. आणि ते गेले, मी रडले, खरंच रडले... आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण पूर्ण ताट बसून जेवलो." त्या थांबल्या. "मघाशी मी कशी उभी राहिले ते पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

"बठ्ठासनी ठराई टाकं, माले कोणी इचारं नही," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी ठरवून टाकलं, मला कुणी विचारलं नाही. आणि कुंदनने चमकून वर पाहिलं, कारण ही बोली त्याने त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. साक्रीकडची, माहेरची. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी त्या आहेच्या जागी शे म्हणाल्या की भाऊ हसत आणि मग सगळं घर हसे, तोही हसला होता, तेव्हा कॉलेजात होता. आणि मग त्यांनी ती सोडून दिली होती. "माले आते उठनं नही," त्या म्हणाल्या. आता मला उठायचं नाही. हे त्या त्याला सांगत होत्या की आणखी कुणाला...

"मी भाऊ नाही, वहिनी," कुंदन म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मिशांकडे, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांकडे. बाह्या त्याने केव्हा दुमडल्या होत्या?

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

मग जेवण झालं. तिघेही खाली बसून जेवले. भाकरी चांगली होती, ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं. दोन वाजता डॉक्टरांनी पुनमला पाऊण नंबर काढून दिला, तिने चष्म्याची जांभळी काडी निवडली, आणि चष्मा आठ दिवसांनी मिळेल म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली. साडेतीनला तो त्यांना बसस्थानकावर घेऊन गेला. रावेरची गाडी लागलेलीच होती, पत्रा तापून भगभगत होता. वहिनी खिडकीशी बसल्या. पुनम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. कुंदनने खालून पाण्याची बाटली वर दिली, तेव्हा बाटली घेता घेता त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी कळेलच मला." धमकी नव्हती, विनवणी नव्हती. गाडी मागे सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि तिच्या जागी धूळ उरली, मग धूळही बसली.

आता फक्त एक फोन करायचा होता. तेरसिंग, उद्यापासून वहिनींना विचार. पाच शब्दही नाहीत. त्याने खिशातून मोबाइल काढला, नाव काढलं, आणि अंगठा तिथे थांबला... घाई काय, रात्री करू. की उद्या सकाळी त्याचाच येईल तेव्हा सांगू? की रविवारी समक्ष, शेडमध्ये, खुर्चीत बसून सगळ्यांसमोर — म्हणजे बघा, वहिनींना हा मान मी देतोय! हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण विचार काही गेला नाही. उलट त्याच्यामागून दुसरा आला. हे सगळं माझ्यावर लादलं, असं मी किती जणांना सांगत आलो. कचेरीत, मित्रांना, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला. लादलेलं ओझं कुणी उतरवून घेतो म्हणालं तर माणूस हलका होतो. मग माझ्या छातीत हे चोरी झाल्यासारखं काय होतंय? दोन मिनिटांचा फोन. तोही खोटा, शिक्क्यापुरता. तो जाणार म्हणून इतकं? म्हणजे नको नको म्हणत मी तो मुठीत धरून होतो, इतका की बोटांची कळ आता, सोडायच्या वेळी, कळतेय...

लिंबाच्या सावलीत एक सिमेंटचा बाक होता. तो जाऊन त्यावर बसला. घरी जाऊन दगडाच्या फटीत टॉर्च मारून पाहायला हवं होतं, ती धाकटी जगली की नाही. पण पाय उचलत नव्हते. समोर गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. चोपडा, यावल, धुळे, पाचोरा. माणसं पाट्या वाचत पळत होती, रुमाल टाकून जागा धरत होती, आणि इतक्या माणसांत त्याला ओळखणारं एकही नव्हतं; कुणी थांबत नव्हतं, कुणी बाजूला होत नव्हतं. एक म्हातारी आली, डोक्यावर बोचकं, हातात पिशवी. "सरका थोडं," ती म्हणाली. तो सरकला. तिने बोचकं मध्ये ठेवलं, मग तिच्यामागून तिची सून आली, सुनेच्या कडेवर मूल. "अजून थोडं, दादा." तो आणखी सरकला. आता तो बाकाच्या अगदी टोकाला होता, एक मांडी सिमेंटवर आणि एक जवळजवळ अधांतरी, आणि एक पाय जमिनीत रोवून तोल धरावा लागत होता. त्या मुलाची टाच त्याच्या दंडाला लागत होती. सूनबाईला धड बसायला जागा नव्हती, ती अर्धवट टेकून मुलाला या हातावरून त्या हातावर घेत होती. त्याने नुसतं उठायचा अवकाश, ती नीट बसली असती. त्याला कुठल्याच गाडीने जायचं नव्हतं. या बाकावर त्याचं काही काम नव्हतं. उठायला हवं, हे त्याला दिसत होतं, इतकं स्वच्छ की आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या स्वच्छ दिसल्या होत्या. आणि मांडीला रग लागत होती, पाय थरथरायला लागला होता, आणि तो उठत नव्हता.